आमची वाटचाल : सोडियम कोबाल्टिनायट्राइट

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना लहान. माल किलोच्या हिशेबाने निघतो, टनाच्या नाही. यादीत दहा-बारा सॉल्ट आहेत, पण गिऱ्हाईक आम्हाला ओळखते ते एका केशरी-पिवळ्या भुकटीवरून. मधे कोबाल्टचा एक अणू, त्याभोवती सहा नायट्राइट आणि बाहेर तीन सोडियम, असा हा सॉल्ट. रेणुभार 403.9, कोबाल्ट 14.6 टक्के. पाण्यात सहज विरघळतो. सोडियमच्या जागी पोटॅशियम आले की मात्र पिवळा साका होऊन तळाशी बसतो. नमुन्यातले पोटॅशियम ओळखून देणाऱ्या या एका गुणावर त्याचा सगळा बाजार उभा आहे.

आमची बहुतेक डोकेदुखीही याच गुणातून आली. गिऱ्हाइकाने ज्या कामासाठी माल घ्यायचा, ते काम माल कारखान्यातच उरकून बसतो. कच्चा माल म्हणून येणाऱ्या सोडियम नायट्राइटमध्ये, बोअरच्या पाण्यात, नीट न धुतलेल्या पिंपात जिथे कुठे पोटॅशियम असेल तिथे तो त्याला पकडतो. एक ग्रॅम पोटॅशियम आपल्याबरोबर पाच ग्रॅमहून जास्त तयार माल साक्यात नेते. बरे, साकाही पिवळाच, त्यामुळे नुसत्या नजरेला काही कळत नाही. म्हणून प्रत्येक बॅचचा एक ग्रॅम माल दहा मिली डिस्टिल्ड पाण्यात टाकून पाहतो. द्रावण आरपार दिसले तर पास. गढूळ दिसले तर पोटॅशियम किंवा अमोनियम शिरले आहे असे धरून चालतो. अमोनियमही असाच साका देते, त्यामुळे या शेडमध्ये अमोनियाची बाटली आणायची नाही, असा नियम आहे. आरओचे (पडद्यातून गाळून क्षार काढलेले) पाणी आणि नायट्राइटच्या प्रत्येक पोत्याची वेगळी तपासणी, या दोन गोष्टींनी बॅच फेल जाण्याचे प्रमाण जेवढे खाली आणले, तेवढे कुठल्याही नव्या यंत्राने आणले नाही.

आमची छोटी बॅच अशी असते. दीड लिटर गरम पाण्यात दीड किलो सोडियम नायट्राइट विरघळवायचे आणि 40 ते 50 अंशांपर्यंत निववायचे. थोडे नायट्राइट खडे धरते, त्याने बिघडत नाही. मग 500 ग्रॅम कोबाल्ट नायट्रेट (रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असलेले) घालायचे आणि ढवळणे चालू ठेवून 50 टक्क्यांचे 500 मिली ॲसेटिक ॲसिड थोडे थोडे सोडायचे. हिशेबाने एका कोबाल्टला सात नायट्राइट लागतात : सहा अणूभोवती बसतात, सातवे नायट्रस ॲसिड होऊन कोबाल्टचा विद्युतभार दोनवरून तीनवर नेते आणि स्वतः नायट्रिक ऑक्साइड होऊन उडून जाते. म्हणजे गरज सुमारे 830 ग्रॅमची, घालतो दीड किलो. ही उधळपट्टी नव्हे. ॲसिड पडताच काही नायट्राइट धुराच्या वाटेने जाते, आणि द्रावणात ते भरपूर असल्याशिवाय कोबाल्टभोवतीची सहाही घरे भरत नाहीत. ॲसिडचे प्रमाण मात्र जेमतेम पाव पट जास्त ठेवले आहे.

ॲसिड घाईने ओतले की फेस भांड्याबाहेर येतो, तांबडा धूर स्क्रबरला (धूर धुऊन काढणाऱ्या यंत्राला) आवरत नाही आणि उतारा पडतो. द्रावण फार गरम असले तरी हेच. ॲसिड संपले की धूर निघून जावा म्हणून द्रावणातून हवा सोडायची. 50 ग्रॅम कोबाल्ट नायट्रेटच्या प्रयोगशाळेतल्या बॅचला अर्धा तास पुरतो. मोठ्या भांड्यात घड्याळाकडे न बघता धुराकडे बघावे. तांबडी झाक पूर्ण जाईपर्यंत हवा बंद करू नये.

दोन तास ठेवून गाळायचे. वर राहिलेला गाळ 500 मिली पाण्यात 70-80 अंशांवर ढवळला की त्यातला सोडियम सॉल्ट उतरतो आणि पोटॅशियमचा साका कागदावर राहतो. गाळून आलेली दोन्ही द्रावणे एकत्र केली की साधारण तीन लिटर भरते. त्यात 96 टक्क्यांचे अडीच लिटर इथेनॉल, जोरात ढवळत. माल लगेच पडू लागतो. आणखी दोन तास बसू द्यावा.

हवेची पायरी आखडती घेतली तर त्याची फेड इथे होते. उरलेले नायट्रस ॲसिड अल्कोहोलशी मिळून इथाइल नायट्राइट करते. ते 17 अंशांवरच उकळते, वाफ भडकणारी, नाकात गेली की डोके गरगरते. शेडमध्ये सफरचंदासारखा गोड वास आला तर माल छान झाला असे कोणी समजू नये. दिवे-मोटारी ज्वालारोधक हव्यात आणि पंखे चालू हवेत.

पडलेला माल नचवर (पंपाने ओढून गाळणाऱ्या भांड्यावर) घेऊन अल्कोहोलने चारदा धुतो. पुस्तकी कृतीत शेवटी ईथर असते. आम्ही ते केव्हाच सोडले. अशा शेडमध्ये चटकन पेट घेणारे ईथर कशाला? उतारा 500 ते 530 ग्रॅम, हिशेबाने 694 यायला हवा. उरलेला मदर लिकरमध्ये, म्हणजे माल गाळून उरलेल्या द्रावणात, राहतो. रंग फिकट आणि कोबाल्ट कमी भरले तर अल्कोहोलबरोबर नायट्राइटही खाली आले आहे असे समजावे. मग 100 ग्रॅम माल 150 मिली पाण्यात विरघळवून, गाळून, 350 मिली अल्कोहोलने पुन्हा पाडायचा. एआर ग्रेडचा (रासायनिक पृथक्करणासाठीचा जास्त शुद्ध) माल आम्ही नेहमीच असा दोनदा पाडतो.

सुकवणे सावलीत, 40 अंशांच्या आत. पावसाळ्यात भरलेल्या डब्यांनी आम्हाला बरेच शिकवले. ओल राहिलेला माल आतल्या आत फुटतो, गुलाबी गठ्ठे होतात आणि झाकण उघडताच धुराचा वास येतो. आता जून ते सप्टेंबर भरणी फक्त एसी खोलीत होते, डब्याला आतून पिशवी असते.

मदर लिकरमध्ये आधी कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून द्रावण अल्कली करतो, मगच अल्कोहोल उडवतो. क्रम उलटा झाला तर इथाइल नायट्राइट कंडेन्सरमध्ये भेटते. कॉस्टिकने आणि तापवण्याने काळपट कोबाल्ट हायड्रॉक्साइड पडते. ते नायट्रिक ॲसिड आणि थोड्या पेरॉक्साइडमध्ये विरघळवले की पुन्हा कोबाल्ट नायट्रेट मिळते. उरलेले नायट्राइट सल्फॅमिक ॲसिडने मारतो, किलोला सुमारे 1.4 किलो, हळूहळू, कारण नायट्रोजन उसळतो.

बाजाराचे म्हणाल तर 1921 साली क्रेमर आणि टिस्डॉल यांनी रक्तातले पोटॅशियम मोजायला हाच सॉल्ट वापरला होता. पुढे ज्योतीच्या रंगावरून पोटॅशियम मोजणारा फ्लेम फोटोमीटर आला आणि ते गिऱ्हाईक गेले. आता कॉलेजांच्या प्रयोगशाळा उरल्या, आणि भूवैज्ञानिक. ग्रॅनाइटची कापलेली चकती हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने खरवडून या सॉल्टच्या संपृक्त द्रावणात बुडवली की पोटॅश फेल्डस्पार (पोटॅशियम असलेले खनिज) पिवळा पडतो, क्वार्ट्झ तसाच राहतो. देगलूरकडच्या ग्रॅनाइटवर हे झकास दिसते. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये हा फेल्डस्पार जवळजवळ नसतो, त्यावर पिवळे काही दिसले नाही, तर मालाला दोष देऊ नये. चकती पिवळी न होता डागाळली, तर बहुधा ॲसिड नीट धुतलेले नसते. ॲसिडचे काम मात्र धूरकपाटात, हातमोजे घालून, या ॲसिडच्या भाजण्यावरचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवूनच करावे.

पोटॅशियमचाच सॉल्ट, म्हणजे 1831 साली ब्रेस्लाऊच्या फिशरने शोधलेला, चित्रकारांचा ऑरिओलिन नावाचा पिवळा रंग, याचीही विचारणा येते. तो अल्कोहोलविना आपोआप पडतो, पण आमच्या शेडमध्ये पोटॅशियम नायट्राइटचे पोते यायचे नाही, म्हणून तो करत नाही.

वापरणाऱ्यांना एवढेच. द्रावण रोजचे रोज करा, नमुना उदासीन किंवा ॲसेटिक ॲसिडने किंचित आंबट असू द्या. अल्कलीत ते तपकिरी पडते, तीव्र ॲसिडमध्ये फुटून गुलाबी होते. अमोनियमची शंका असेल तर नमुना आधी सुकवून लाल तापवा. बाटलीतले द्रावण केशरीवरून गुलाबी झाले असेल, तर ते ओतून टाका.