तुम्ही विचारलंत म्हणून: परत का आलो

लग्नात भेटा, तेरवीत भेटा, बँकेच्या रांगेत भेटा नाहीतर धानाच्या काट्यावर, दुसरं-तिसरं वाक्य ठरलेलं असतं. "एवढे वर्षं मुंबईत होते, टीव्हीवर दिसत होते, मंग परत काहून आले जी?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत उत्तर आधीच तयार असतं. काम मिळेना झालं असेल. पिण्याचं काही असेल. मी आजवर तीन उत्तरं आलटून पालटून वापरली: गुडघे, शेती आणि 'आपली माती'. तिसरं सगळ्यांत जास्त चालतं. मागे एका शाळेच्या गॅदरिंगला ते मी इतक्या भरल्या गळ्यानं म्हटलं की खाली उतरल्यावर माझीच मला लाज वाटली. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. यापुढे कुणी विचारलं तर हा कागद पुढे करीन.

माझी कामं तुम्हाला माहीत आहेत, ती सांगत बसत नाही. पोलीस पाटील, वॉचमन, मुलीचा बाप, मुलाचा बाप, एकदा तर नुसता भिंतीवरचा हार घातलेला बाप. त्या फोटोचेही पैसे मिळाले, नव्वद दिवसांनी मिळाले, पण मिळाले. माझं नाव तुम्हाला आठवत नाही याचा मला राग नाही. चेहरा आठवतो ना, आमच्या लायनीत तीच मिळकत.

आता कागदावरचं कारण. मार्च 2020 मध्ये शूटिंग थांबलं. मे महिन्याच्या अखेरीस सरकारनं परवानगी दिली, तेव्हा नियमात एक ओळ होती: 65 च्या वरच्या माणसानं सेटवर यायचं नाही. मी तेव्हा सहासष्टचा. मालिकेतल्या माझ्या आजोबाला लेखकानं तीर्थयात्रेला पाठवलं. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानं ती ओळ रद्द केली. आजोबा मात्र यात्रेतच राहिला. मी गावी आलो होतो, रोवणा चालू होता, फोनला रेंज मिळावी म्हणून बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर जाऊन उभा राहायचो. दिवाळीनंतर पाळीवर जाणं सोडून दिलं.

हे खरं आहे. पण हे कारण नव्हे. फोन आला नाही म्हणून आलो असं म्हणालो तर तो आला असता तर गेलो असतो, असा अर्थ होतो. आणि गेलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यासाठी तीसेक वर्षं मागं जावं लागेल.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडहून छोट्या (नॅरोगेज) गाडीनं नागपूर आणि तिथून मुंबई, असा मी गेलो तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या: मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांत कमावलेला आवाज आणि त्या आवाजातली झाडी, आमची पूर्व विदर्भातली बोली. (ती छोटी लाइनही 2019 ला बंद झाली, मोठी करायची म्हणून.) पहिल्याच ठिकाणी एक जण म्हणाला, "जरा गावाकडचं बोलून दाखवा." मी बोललो. खोलीतली माणसं हसली. वाईट हेतूनं नाही, त्यांना ते खरंच गमतीचं वाटलं. मग मला कळलं की गावाकडचं म्हणजे 'काय रं' आणि 'आरं बाबा'. मराठी सिनेमातलं खेडं वाईला नाहीतर भोरला असतं. आपल्याकडचं खेडं तिथल्या नकाशावर नव्हतंच. खोलीत साताऱ्याचा एक पोरगा राहायचा, त्याच्याकडून मी सहा महिन्यांत 'रं' शिकलो. पुढची पंधरा वर्षं मी साताऱ्याचा होतो.

तेवढ्यात तो सिनेमा आला. नाव सांगत नाही, दिग्दर्शकाचंही सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. जंगलपट्टीतल्या गावची गोष्ट होती आणि मी गावचा कोतवाल. मोजून अकरा मिनिटं पडद्यावर. पण त्यात एक जागा होती. साहेबांनी पंचनाम्यावर अंगठा मागितला की कोतवाल नाही म्हणतो, आणि का नाही ते सांगतो. दोन पानांचं बोलणं. दिग्दर्शक म्हणाला, तुझ्या भाषेत बोल. मी विचारलं, माझ्या म्हणजे? तो म्हणाला, तुझ्या घरी बोलतोस तसं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी असं म्हटलं होतं. मी डोळ्याला 'डोरा' म्हणालो. आमच्याकडे 'ळ' नाही आणि 'ण'ही नाही. अमरावती-अकोल्याकडं डोळ्याचा 'डोया' होतो, आमच्याकडं 'डोरा'. मुंबईला हा फरक माहीत नाही, नागपूरलाही पुरता माहीत नाही. त्या दिवशी कॅमेऱ्याला माहीत झाला.

त्या काळचा ॲरी टू-सी कॅमेरा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. सेटवरचा आवाज कामाचा नसे, नंतर सगळं डबिंगच. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तेच तेच तुकडे फिरत राहतात आणि आपल्याच ओठांवर आपण पुन्हा बोलायचं असतं. मी दोन दिवस केलं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून अंगठा दाखवला.

सिनेमा आमच्या तालुक्याच्या टॉकीजला लागला तेव्हा मी मुद्दाम गावी आलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणीस पसरून त्यावर ताडपत्री, त्यावर आम्ही सतरा-अठरा माणसं. सरपंच, माझे शाळेचे गुरुजी, मोठी बहीण, भाचे, आणि माझी माय. मायनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, डब्याला फडकं बांधून तो मांडीवर धरून बसलेली. टॉकीजमध्ये तिला मधली खुर्ची दिली, तर ती म्हणाली कडेची दे, थुंकायला जाता येते.

मध्यांतराआधी माझी एंट्री होती. मी पडद्यावर आलो तसा आमच्या रांगांत गलका झाला, कुणीतरी शिट्टी मारली. मग मी तोंड उघडलं.

आवाज माझा नव्हता.

छान आवाज होता, खोटं कशाला बोलू. खर्जातला, घोटलेला, पुण्याकडच्या रंगमंचावरचा असावा. 'डोळा' म्हणताना 'ळ' असा स्वच्छ की ताटात वाढावा. माझे ओठ 'डोरा' म्हणत होते आणि ऐकू येत होतं 'डोळा'. एकदोन ठिकाणी ओठ मिटले तरी शब्द चालूच. मी खुर्चीचा हात धरून बसलो. मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. ती दोन पानं संपली तेव्हा टाळ्या पडल्या, आमच्याच माणसांनी वाजवल्या.

मध्यांतरात दिवे लागले. मायनं डबा उघडला नव्हता. तिनं माझ्याकडं न बघता हळूच विचारलं, "बाबू, हा कोन बोलून रायला तुज्या तोंडातून?"

मी म्हणालो, "मीच. सर्दी होती तवा."

ती काही बोलली नाही. मग डबा उघडून मला एक वडा दिला, लहानपणी द्यायची तसा, तोडून.

इथपर्यंत मी दोनतीन जणांना सांगितलं आहे, आणि ऐकणाऱ्याला वाटतं दुखलं ते इथं. इथं नाही. दुखलं ते बाहेर, ट्रॉलीजवळ. गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "किती शुद्ध बोललास रे! मुंबईनं सुधारलं तुला." सरपंचांनी मान डोलावली. भाचे मला घरी जाईपर्यंत ते वाक्य त्या आवाजात म्हणायला लावत होते. मी म्हणून दाखवलं. काढला तो आवाज. जमला.

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून दिग्दर्शकाला फोन केला. मीटरचे लाल आकडे पळत होते. तो म्हणाला, वितरक म्हणाले कळत नाही, तू गावाला गेला होतास, वेळ नव्हता. "चेहरा तर तुझाच आहे ना?" मी म्हणालो, हो, तो माझाच आहे. मग त्यानं पुढच्या सिनेमाच्या तारखा सांगितल्या आणि मी त्या बूथमधल्या पाकिटावर लिहून घेतल्या.

त्या बूथमधल्या माणसाशी मी अजून भांडतो. एवढं झोंबलं होतं तर तारखा कशाला लिहून घेतल्यास? तो म्हणतो, बहिणीच्या घरावरचे कवेलू (कौलं) बदलायचे होते. मी म्हणतो, ते तर सहा वर्षांनी बदललेस. तो म्हणतो, तू आता म्हातारा झालास, तुला बोलायला काय जातं. दोघांचंही खरं आहे. जो आवाज गेला तो कंपनीनं काढला, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पण सर्दी होती, हे मायला मी सांगितलं. ते कंपनीनं लिहून दिलं नव्हतं.

आणि पुढचं तर तुम्ही पाहिलंच आहे. 1999 ला अल्फा मराठी आलं, मग ई टीव्ही, रोजच्या मालिका सुरू झाल्या, आणि अचानक विदर्भाची बोली चालायला लागली. फक्त कुणाच्या तोंडी? नोकराच्या. मालकाच्या घरात ट्रे घेऊन येणारा, चुकीच्या वेळी दार उघडणारा. मी तो केला, चार वर्षं केला. 'काहून बाप्पा' म्हणून डोळे फिरवायचे की पाठीमागून हशा सोडत. त्यात 'डोया' म्हणायचो, म्हणजे टिंगलसुद्धा आपल्या बोलीची नव्हती, शेजाऱ्याची होती. नागपूरचं घर त्या ट्रेवर उभं आहे, मुलीचं इंजिनीअरिंगही. काही जण म्हणाले, आपल्या भाषेचं नाव काढलंत. काही जण म्हणाले, आपलीच इज्जत विकली. मी दोघांनाही चहा पाजला.

आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी एचएमटी तांदूळ निवडून काढला. सगळा मुलूख खातो, पण नाव पडलं मनगटावरच्या घड्याळाचं. 2018 ला ते गेले. ट्रेनमध्ये डबा उघडला की मला ते आठवायचे. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही. त्यांनी तांदूळ दिला, मी डोळे फिरवले. पण आठवायचे.

तर परत का आलो. म्हटलं, जिथून आवाज नेला तिथं जाऊन बघावं शिल्लक आहे का. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाटक कंपनीत गेलो. तुम्हाला आमच्या भागातली झाडीपट्टीची नाटकं सांगायला नकोत. भाऊबीजेपासून होळीपर्यंत रात्रीमागून रात्री, दहाला पडदा वर आणि पहाटे खाली, गावभर पाहुणे, मांडवामागे सोयरिकीची बोलणी. मला वाटलं, इथं तरी. पहिली संहिता हातात आली. नायक शुद्ध, नायिका शुद्ध, मी बाप, शुद्ध. झाडी बोलणारा एकच: विनोदी पोरगा. म्हणजे मुंबईत काचेपलीकडं जे झालं ते इथं आम्ही हातानं लिहून ठेवलेलं. आणि मी तरुणपणी याच मांडवात शुद्धच बोलत होतो, हे मला तेव्हा आठवलं. मुंबईत रागाच्या भरात विसरून गेलो होतो. (हे लिहितोय तेही शुद्धच, बघा.)

दिग्दर्शकाला म्हटलं, बाप आपल्या भाषेत बोलू दे. तो म्हणाला, "पब्लिक हासते जी." मग परशुराम खुणेंचं उदाहरण त्यानंच दिलं. कुरखेड्याकडचा शेतकरी माणूस, विनोदी कामांनी गाजलेला, 2023 ला पद्मश्री. "आपल्या बोलीले मान भेटला न?" भेटला. मी कुठं नाही म्हणतो.

मागच्या हंगामात सिंदेवाहीकडं एका गावी, न विचारता, मी मुलीच्या पाठवणीचा प्रवेश झाडीत केला. पहाटेचे साडेतीन, थंडी अशी की पुढच्या रांगा ब्लँकेटात. पहिल्या वाक्याला हशा पडला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला 'डोरा' आला आणि मांडव गप्प झाला. रडत होते की झोपले होते, दिव्यांमुळे दिसलं नाही. मागून एक म्हातारी खोकली एवढं ऐकलं.

प्रयोग सुटल्यावर शेकोटीपाशी तो विनोदी पोरगा आला. तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला. म्हणाला, "काकाजी, बापच असा बोलाले लागला, त मंग मी का बोलू जी?"

चेष्टेनं म्हणाला की काळजीनं, कळलं नाही. त्याचं घर त्याच बोलीवर चालतं, हे मला कोणी सांगायला नको. पुढच्या नाइटला मी शुद्ध बोललो. चहा मात्र त्या पहाटे त्यानंच पाजला.