मेंदीनंतर केस राठ झाले, आता काय करू?

हा प्रश्न मला वर्षभर येतो, पण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे जरा जास्तच. माहेरवाशिणी आलेल्या असतात, घरोघरी मेंदी भिजते, हातालाही लागते आणि डोक्यालाही. मग आठवड्याभरात पार्लरच्या खुर्चीत बसून कुणीतरी म्हणतंच, "मेंदी लाई आनि केस पार वाळी ग्यात व माय." भाजीबाजारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात: मेंदी तर झाडाचा पाला, मग केस कोरडे कसे पडले? आणि झालेत ते मऊ कसे करायचे? एकेकीला तुकड्या-तुकड्यानं सांगत आले. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सगळं सलग लिहिते.

मेंदीला मी वाईट म्हणणार नाही. ज्यांना डायनं खाज सुटते, डोळे सुजतात, अशा कितीतरी बायकांचे पांढरे केस निव्वळ मेंदीवर निभावतात, आणि छान दिसतात. पण "मेंदी म्हणजे केसांचं कंडिशनर" हा समज मला मुळासकट काढायचा आहे. मेंदी रंग देते. केसावर एक थर देते, त्यामुळे केस हाताला जाड लागतो. ओलावा मात्र तिच्याकडे नसतोच, तर ती देणार कुठून?

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं. पाला भिजला की ते सुटतं आणि केस ज्या केराटिनचा बनलेला असतो त्याला जाऊन पक्कं धरतं. म्हणून तर मेंदी धुऊन निघत नाही. त्याच्या जोडीला पानात टॅनिनही असतं, चहात आणि हिरड्यात असतं तेच तुरट द्रव्य. त्यामुळे मेंदी काढल्यावर दोन-तीन दिवस केस ताठर लागतो. तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही, बहुतेकींचं ते आपोआप निवळतं. खरी अडचण निराळी आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत रुळणाऱ्या वेणीचं टोक चार-पाच वर्षांचं असतं. दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत मेंदी थापली, तर त्या टोकावर पन्नासेक वेळा मेंदी बसलेली असते. मुळाशी पांढरा केस दिसतो तो फार तर दोन बोटं. रंग हवा असतो त्या दोन बोटांना, आणि शिक्षा होते सगळ्या वेणीला.

जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडच्या एक ताई उन्हाळ्यात आल्या होत्या. अंबाडा सोडला तर मुळाशी पांढरं, मध्ये तांबूस आणि टोकाला जवळजवळ काळपट. मुळापासून बोटं घातली तर मानेपर्यंत सहज आली, तिथून पुढे अडकली. टोकं हाताला काथ्यासारखी लागत होती. बारीक दातांची फणी फिरवली तर फणीवर हिरवट रेती उतरली. म्हणजे मेंदी लावून इतके दिवस झाले तरी पाला पुरता निघालाच नव्हता. कशी लावली ते विचारलं. दोन लिंबं पिळून भिजवली, रात्री थापली, वर जुनी ओढणी बांधून झोपल्या, सकाळी खडखडीत वाळलेली मेंदी बोअरच्या पाण्यानं काढली, आणि रेती जाईना म्हणून तीनदा शाम्पू केला. आपल्याकडे निम्म्या घरांत अशीच लावतात, म्हणून यातली एकेक गोष्ट घेते.

लिंबू थोडक्यात सांगते. लॉसोन सुटायला जरासा आंबटपणा उपयोगी पडतो हे खरं, पण वाटीभर मेंदीला एक चमचा रस पुष्कळ झाला. केस आधीच कोरडे असतील तर लिंबाऐवजी दोन चमचे दही घाला. रंग किंचित फिका येईल, पण केस राठ पडणार नाहीत. पाणी कोमट घ्या, उकळतं नको.

दुसरं, वाळू देणं. मेंदी वाळली की तिचं रंग देणं थांबतं. त्यापुढे ती केसाला धरून नुसती आक्रसते, आणि काढताना कोरडा पाला केसावर घासला जातो. रात्रभर ठेवल्यानं रंग दुप्पट येत नाही. दोन-तीन तास पुरतात, पण तेवढा वेळ ती ओली राहिली पाहिजे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तेव्हा कूलरच्या वाऱ्यात बसलात तर अर्ध्या तासात पापड होतो. डोक्याला प्लास्टिकची टोपी घाला, नसेल तर स्वच्छ पिशवी गुंडाळा आणि वरून ओढणी बांधा.

आता पाणी. यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण पाण्याचा विचार कुणी करतच नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, बाकीचे दिवस बोअरवर जातात. तुमच्या न्हाणीतली बादली बघा. आतून पांढरी कड बसलेली दिसेल, नखानं खरवडली तर पूड निघेल. गिझरच्या कॉइलवर तीच, नळाच्या तोटीवर तीच. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत, आणि बादलीवर बसतात तसे ते केसावरही बसतात. मेंदीनं आधीच ताठर झालेल्या केसावर त्यांचा थर चढला की कितीही तेल चोपडा, केस दुसऱ्या दिवशी परत कोरडा. पुण्याला किंवा नाशिकला शिकायला गेलेल्या मुली सुट्टीत घरी आल्या की सांगतात, "ताई, तिकडे केस चांगले होते, इथं आले की बिघडतात." मेंदी तीच, शाम्पू तोच, फरक पाण्याचा.

सगळं डोकं जारच्या पाण्यानं धुवा असं मी म्हणत नाही, ते कुणाला परवडणार? पहिलं धुणं बोअरच्या पाण्यानं होऊ द्या. शेवटचे दोन-तीन तांबे मात्र जारचं, फिल्टरचं किंवा पावसाळ्यात पन्हाळीखाली स्वच्छ धरलेलं पाणी ओता. क्षार फारच बसले असतील तर पंधरा दिवसांतून एकदा लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे व्हिनेगर घालून ते केसांवरून सोडा, मिनिटभर थांबा आणि साध्या पाण्यानं काढून टाका. डोक्यात जखम किंवा पुरळ असेल तर हे करू नका. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. घरात आरओ मशीन असतं, त्यातून वाया जाणारं पाणी आपण काटकसर म्हणून बादलीत साठवतो. ते फरशीला वापरा, मोरीला वापरा, डोक्याला वापरू नका. फिल्टरनं काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात.

शाम्पू त्याच दिवशी नको. मेंदीचा रंग हवेनं पुढचे दोन दिवस गडद होत जातो, त्याला वेळ द्या. त्या दिवशी नुसत्या पाण्यानं धुवा, आणि रेती निघावी म्हणून मूठभर साधं कंडिशनर केसांत फिरवून बोटांनी खाली ओढत न्या. पाला त्याच्याबरोबर घसरून येतो, घासावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तेल लावा आणि तिसऱ्या दिवशी सौम्य शाम्पू करा. शिकेकाई-रिठ्यानं धुणाऱ्यांनाही सांगते, रिठा चांगलाच रूक्ष करतो. मेंदीच्या आठवड्यात त्याला सुट्टी द्या.

हे झालं पुढच्या वेळेचं. आजच ज्यांचे केस राठ झालेत त्यांनी काय करायचं?

तेल खोबऱ्याचं घ्या. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. चिकट होत नाही म्हणून ज्या बाटल्या विकल्या जातात त्यांत बऱ्याचदा खनिज तेल असतं. ते वरवर चमक देतं, आत जात नाही. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल घरात असेल तर तेही चालेल, पण निवड करायची असेल तर मी खोबरेलच म्हणेन. आपल्याकडे हिवाळ्यात ते थिजतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी ठेवा. आणि तेल टाळूवर नुसतं थापू नका. टाळूला स्वतःचं तेल असतं, कोरडी पडलेली असतात ती टोकं. न्हाण्याच्या आदल्या रात्री तीन-चार चमचे तेल मानेपासून खालच्या केसांना पेडापेडानं चोळा.

न्हाऊन झाल्यावर मी जवसाचं पाणी लावायला सांगते. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळत ठेवा आणि ढवळत राहा. दहाएक मिनिटांत पाणी दाट होतं, चमचा उचलला की तार सुटते. त्या क्षणी गॅस बंद करा आणि गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळून घ्या. गार झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही, पिळून पिळून हात दुखतात. हे पाणी ओल्या केसांना लावलं की गुंता सुटतो आणि ओल टिकते. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, वास बदलला की फेकून द्या. कोरफडीचा गरही चांगला, पण पान कापल्यावर दहा मिनिटं उभं करून ठेवा आणि त्यातून गळणारा पिवळा चीक जाऊ द्या. त्याच चिकानं खाज सुटते आणि दोष कोरफडीला लागतो.

केळ्याबद्दल सगळ्या विचारतात. रावेर-यावलच्या पट्ट्यात घरात केळीचा लोंगर असतोच, मग कुस्करून डोक्याला लावावंसं वाटतं. माझं मत विरुद्ध आहे. केळं कितीही घोटलं तरी त्याचे बारीक कण राठ केसांत अडकतात, वाळतात, आणि ते काढताना केस तुटतो. ज्या केसांना आपण वाचवायला निघालो, तेच हातात येतात. त्यापेक्षा दुकानातली कंडिशनरची छोटी पुडी आणा. ती रसायन आहे म्हणून बायका बिचकतात, पण राठ केसाला मऊ करायचं काम ती इमानदारीनं करते, आणि मी ती स्वतः वापरते.

दुपारी स्कूटीवर निघाल्यावर स्कार्फ बांधता तो सुती असू द्या, आणि ओल्या केसांवर घट्ट बांधू नका. टॉवेलनं केस झटकणंही सोडा, जुनी सुती साडी गुंडाळून पाणी टिपून घ्या.

मेंदी पूर्ण बंद करायची का? माझं उत्तर नाही असं आहे. मुळापुरती लावा. ब्रशनं भांग पाडत पांढरं दिसेल तिथंच, सहा ते आठ आठवड्यांनी. लांबीला रंग आधीच पक्का आहे, तिथं परत लावून काही मिळत नाही. लावण्याआधी लांबीला थोडं तेल फासून ठेवलं तर ओघळलेली मेंदी तिथं फारशी धरत नाही. पूड वस्त्रगाळ असलेली घ्या, नाहीतर घरी मलमलच्या फडक्यातून चाळा. आपल्याकडे विकली जाणारी पुष्कळशी मेंदी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतहून येते. चांगली पूड हिरवट आणि चिमटीत धरली तर पिठासारखी मऊ लागते. कचकच लागली तर ती रेती आहे, आणि तीच तुमच्या केसांवर घासली जाणार आहे.

"काळी मेंदी" म्हणून पाकिटं मिळतात त्यांच्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. मेंदीचा रंग तांबडा-तपकिरीच येतो. अर्ध्या तासात काळाभोर करणाऱ्या पाकिटात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, तेच डायमध्येही असतं. काहींना त्यानं टाळूवर फोड येतात, चेहरा सुजतो. पाकिटाची मागची बाजू वाचा, आणि वापरायचंच असेल तर दोन दिवस आधी कानामागे थोडं लावून बघा. डोळ्यांवर सूज आली किंवा श्वास लागला तर पार्लरला फोन करू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

केस राठ झाले म्हणून लगेच स्मूदनिंग करून घ्यायला येणाऱ्या मुलींना मी परत पाठवते. मेंदीचा थर असलेल्या केसावर ते रसायन एकसारखं चालत नाही, काही ठिकाणी केस सरळ होतो, काही ठिकाणी जळतो. पाकिटात धातूचे क्षार मिसळलेले असतील तर ब्लीचनं आणखी मोठं नुकसान होतं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

राहिला कात्रीचा प्रश्न. टोकाला फाटे फुटलेला केस कुठल्याही तेलानं सांधला जात नाही, आणि तो फाटा तसाच वर चढत जातो. म्हणून तेल, जवस, पाणी हे सगळं सुरू करण्याआधी टोकं कापून घ्या. वेणीची लांबी कमी होईल या भीतीनं बायका कात्री लावू देत नाहीत. त्या यावलच्या ताईंनीही आधी मान हलवली, मग दोन इंच कापू दिले. अखाजीला कापलेले दोन इंच दिवाळीच्या आत भरून येतात.