दुसरी प्रत

युक्रेनमध्ये पूर्वज शोधायचे तर पहिली अडचण ही की जुन्या कागदांवर युक्रेन कुठेच नसतं. माझ्या सासूबाईंचे आजोबा १८९९ साली हॅम्बुर्गहून बोटीने कॅनडात आले. बोटीच्या यादीत त्यांचा देश ऑस्ट्रिया, जमिनीच्या अर्जात गॅलिशिया, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातला तिथला प्रांत, आणि जनगणनेत ते रुथेनियन, म्हणजे तिथल्या युक्रेनियन लोकांचं तेव्हाचं नाव. गावाचं नाव तर प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाला जसं पटलं तसं लिहिलेलं. माणूस एकच, राहिलाही आयुष्यभर अल्बर्टातल्या त्याच १६० एकरांवर, जे सरकारने दहा डॉलर फी घेऊन दिले होते.

त्यांच्यासारखे पुष्कळ होते. १८९१ मध्ये कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या नेबिलिव्ह गावातून इव्हान पिलिपिव्ह आणि वासिल एलेन्याक हे दोघे कॅनडात पोचले. पुढे पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव शहरातले शेतीतज्ज्ञ डॉ. ओलेस्किव्ह यांनी १८९५ मध्ये स्वतः तिकडची जमीन पाहून पुस्तिका छापल्या आणि पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे पावणेदोन लाख लोक गेले. आमचं खेडंही नेबिलिव्हसारखंच कालुश भागातलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून नातेवाईक आहेत आणि त्यांना पाहुण्यांचा सुकाळ नको आहे.

२०१९ च्या सप्टेंबरात मी, नवरा आणि सासूबाई ल्विवला उतरलो. ल्विव, ल्वुव, लेमबेर्ग, ल्वोव्ह, राज्य बदललं की नाव बदललं. शहर देखणं आहे, कॉफी उत्तम आहे, पण त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आमचं काम सोबोर्ना चौकातल्या बर्नार्डिन मठात होतं. तिथे आता भिक्षू नाहीत, केंद्रीय राज्य ऐतिहासिक अभिलेखागार आहे. जाड भिंती, बाहेर ऊन असलं तरी आत स्वेटर लागतो. पासपोर्ट दाखवायचा, अर्ज भरायचा आणि हवी ती फाइल तीन आकड्यांनी मागायची: फोंड, ओपिस, स्प्रावा. म्हणजे संग्रह, सूची आणि फाइल. आम्हाला हवा होता फोंड २०१, ग्रीक कॅथलिक धर्मप्रांताच्या कचेरीचं दप्तर. ग्रीक कॅथलिक म्हणजे पूर्वेकडचे विधी पाळणारं, पण पोपला मानणारं चर्च. मागितलं की लगेच टेबलावर येईल अशी आशा करू नये. आम्ही त्यासाठी ल्विवमधल्या एका तरुण संशोधक बाईंना आधीच गाठलं होतं. त्या नसत्या तर आम्ही मठ पाहून, कॉफी पिऊन परत आलो असतो.

मी सांगलीची. वंशावळ म्हणजे नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांची वही, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. त्या वहीत आपणच जाऊन सही करतो, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू ते सांगतो. इथे तसं काही नाही. इथे पूर्वजांनी काहीच सांगितलेलं नाही. त्यांच्याबद्दल सरकारने लिहून घेतलं आहे. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये हुकूम काढला आणि गावोगावच्या पाद्र्यांना जन्म, लग्न, मृत्यूचे सरकारी निबंधक करून टाकलं. भाषा लॅटिन, रकाने ठरलेले: तारीख, घर क्रमांक, नाव, धर्म, मुलगा की मुलगी, औरस की अनौरस, आईबाप, धर्ममातापिता आणि त्यांचा धंदा. सम्राटाला भक्तीशी कर्तव्य नव्हतं. त्याला कर हवा होता आणि सैन्यात घालायला तरणी पोरं हवी होती. म्हणून पाद्री एक वही चर्चमध्ये ठेवी आणि तिची नक्कल वर कचेरीत पाठवी.

ही नक्कलच आज उरली आहे. आमच्या खेड्यातली मूळ वही गेली. १९४६ मध्ये सोव्हिएत राजवटीने ग्रीक कॅथलिक चर्चच बेकायदा ठरवलं, ते १९८९ पर्यंत. कितीतरी पाद्री सायबेरियात गेले, वह्या सरकारजमा झाल्या, काही कुठे गेल्या ते देव जाणे. कचेरीत धूळ खात पडलेल्या नकलांकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. लाल फितीला आयुष्यभर शिव्या घालत आले, त्या दिवशी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

आजोबांच्या अल्बर्टातल्या थडग्यावर जन्मतारीख १२ जानेवारी १८७४ कोरलेली आहे. आम्ही १८७४ ची फाइल मागणार, तोच संशोधक बाई म्हणाल्या, “१८७३ ची मागवा.” ग्रीक कॅथलिक लोक जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत आणि एकोणिसाव्या शतकात ते आजच्या इंग्रजी कॅलेंडरच्या बारा दिवस मागे होतं. आणि खरंच, १८७३ च्या शेवटच्या पानावर, ३१ डिसेंबरला, घर क्रमांक ४७, मुलगा, औरस, बासिलिउस, म्हणजे वासिल. बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला. तो संत वासिलचा सण. म्हणजे नाव ठेवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. सासूबाईंनी ते पान वाचलं नाही, लॅटिन त्यांना तेव्हा येत नव्हतं. पण ४७ वर बोट ठेवून बराच वेळ बसल्या.

तिथून पुढे घर क्रमांकानेच वाट दाखवली. गावात एकाच आडनावाची निम्मी कुटुंबं, त्यात इव्हान आणि वासिल डझनावारी. नावाने शोधलं तर कुणाचाही पणजोबा आपला म्हणून घरी आणाल. हॅब्सबर्ग अधिकाऱ्यांनी हे आकडे घरांवर घातले ते सैन्यभरतीसाठी, पण पिढ्या जुळवायला तेच कामी येतात. १८५५ च्या पटकीत घर ४७ मधून एकाच उन्हाळ्यात दोन मुलं आणि त्यांची आजी गेली. रोगाच्या रकान्यात तिन्ही ओळींवर तोच शब्द. आधीच्या पिढीत धंद्याच्या रकान्यात कधी शेतकरी, कधी दुसऱ्याच्या घरात राहणारा बिनजमिनीचा. कुणी राजा-सरदार निघाला नाही, याचं नवऱ्याला थोडं वाईट वाटलं.

मला मात्र सुईण आवडली. बाळंतपणाच्या प्रत्येक नोंदीखाली तिचं नाव आणि पुढे लॅटिनमध्ये शेरा: परवाना नसलेली. वर्षानुवर्षं तीच बाई, तोच शेरा. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं आणि पाद्री दरवेळी ती परीक्षा पास नसल्याचं इमानेइतबारे वर कळवत राहिला.

नंतर स्त्रिय, बोलेखिव्ह, दोलिना अशा रस्त्याने कालुशकडे निघालो. खेड्यात शिरताना दगडी क्रूस लागतो. १८४८ मध्ये वेठबिगार संपली, त्या आठवणीचे असे क्रूस गॅलिशियाभर आहेत. चर्चपाशी एक आजी भेटल्या. सासूबाईंनी “स्लावा इसुसु ख्रिस्तु” म्हणताच “स्लावा नाविकी” असं उत्तर आलं आणि मग बोलणं थांबेना. आडनावाने काही उलगडेना, पण घराण्याचं गावातलं टोपणनाव सांगितल्यावर आजींनी थेट अंगण दाखवलं. आता तिथे घर ४७ नाही. रस्त्याला नाव आहे, आकडे नवे आहेत. आजोबांच्या भावाची शाखा इथेच राहिली होती. १९४७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत राजवटीने बंडखोरांची कुटुंबं म्हणून पश्चिम युक्रेनमधून हजारो लोकांना गाड्यांत भरून पूर्वेला नेलं, त्यात त्यांच्यातली काही माणसं होती. त्याविषयी जेवताना फारसं कुणी बोललं नाही. बोर्श, वारेनिकी आणि आग्रह, तिन्ही भरपूर होतं.

युद्ध सुरू झाल्यापासून जाणं नाही. बऱ्याच नोंदी आता स्कॅन करून ऑनलाइन आल्या आहेत, त्यामुळे पंच्याहत्तरीच्या सासूबाई एडमंटनला रात्री उशिरापर्यंत जागतात आणि लॅटिन रकाने माझ्याहून भराभर वाचतात. १८३१ पर्यंत पोचल्या आहेत. तिथे घर ४७ मध्ये एक थियोडोरुस आणि त्याची बायको अनास्तासिया आहे, पण त्यांच्या लग्नाची नोंद गावात नाही. लग्न बहुधा मुलीच्या गावी झालं असणार. म्हणून त्यांनी आता आसपासच्या खेड्यांची यादी केली आहे आणि कुठल्या गावाच्या नकला ल्विवला, कुठल्या इव्हानो-फ्रान्किव्हस्क शहराच्या अभिलेखागारात, हे एकेक करून तपासणं चालू आहे.