म्हशी हलल्याशिवाय माणूस हलत नाही

दर पावसाळ्यात टीव्हीवाले येतात आणि एकच विचारतात, एवढं पाणी वाढतंय तर लोक घर का सोडत नाहीत? कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याही नदीकाठच्या गावात जा, उत्तर गोठ्यात बांधलेलं असतं. माणसाचं काय, पिशवी उचलली की निघाला. पण दावणीला दोन म्हशी, एक व्यायला आलेली गाय आणि रेडकू असलं की त्यांना न्यायचं कुठं, तिथं घालायचं काय, धार कोण काढणार, हे ठरल्याशिवाय घरातला कर्ता माणूस उंबरा ओलांडत नाही, बोट दारात येऊन उभी राहिली तरी नाही.

पूर आम्हाला नवा नाही. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला मिळतात, पाणी पुढं सरकंना झालं की मागं फुगतं आणि मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या, रानात शिरतं. त्यामुळं अंदाज घ्यायच्या पद्धती पण ठरलेल्या. वाडीत दक्षिणद्वार झालं का, म्हणजे पाणी दत्ताच्या पादुकांवरनं देवळाच्या दक्षिण दारानं बाहेर पडलं का, उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेली का, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला काय आहे, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट (३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोरांनाबी पाठ असतंय). आता हे सगळं व्हॉट्सॲपवर येतं, त्यात कुणीतरी जुने व्हिडिओ टाकतं आणि अर्धं गाव त्यानंच घाबरतं. आमचे आबा अजून पाण्याच्या कडेला काठी रोवून येतात, चहा पिऊन परत जाऊन बघतात, बोटभर चढलं असलं तर काही बोलत नाहीत, वीतभर चढलं असलं तर येतायेताच ओरडतात, "म्हशी सोडा रे!"

पण या जाणतेपणानंच २०१९ ला घात केला, असं माझं मत आहे. सगळ्यांच्या डोक्यात २००५ ची खूण. भिंतीवर तेव्हाच्या पाण्याची रेघ, कुणी तिथं खिळा मारून ठेवलेला, आणि त्याच्यावर पाणी येणारच नाही अशी खात्री. लोकांनी जनावरं त्या रेघेच्या हिशोबानं उंच जागी बांधली आणि निवांत बसले. ऑगस्टच्या सुरुवातीला राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आयर्विनला ५७ च्या, खिळा कुठं गेला कळलं पण नाही. रात्रीत लोकांनी विळ्यानं दावी कापली, पोहून जगतील तेवढी जगतील म्हणून. काही ठिकाणी गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत म्हातारी माणसं बसवून आणली. ८ ऑगस्टला सांगलीकडं पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि १७ जीव गेले. सरकारी बोट वेळेत पोचली नाही की गावातली जी असेल ती काढतात, मग तिच्यात किती बसायचं ते कोण मोजणार.

(पाणी खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं तुंबलं का यावर बोलायचं नाही असं ठरवलेलं. पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीकडं बोट दाखवलं नाही, आमच्या पारावर ते अजून कुणाला पटलेलं नाही, एवढंच सांगतो.)

२०२१ च्या जुलैत कोल्हापुरात पाणी २०१९ पेक्षाही वर गेलं, ५६ फुटांच्या पुढं, पण आमच्याकडं तेव्हा गोठे आधीच रिकामे झालेले. कुणी आदेश काढला म्हणून नव्हे, रेघेवरचा विश्वास उडाला म्हणून. इशारा पातळी यायच्या आतच ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागल्या, आधी गाभण आणि दुभती, मग वासरं, भाकड जनावरं शेवटी. माळावरच्या पै-पाहुण्यांकडं आधीच फोन झालेले, कुणाकडं किती जागा ते बायकांनी ठरवलेलं. गड्यांना विचारलं असतं तर अजून बैठकच चालू असती.

छावणीचं मात्र अजून कोडंच आहे. शाळेत माणसांची सोय झकास, दोन वेळचं जेवण, डॉक्टर, सगळं. जनावरं बाहेर चिखलात, वैरण "येतीय, येतीय". २०१९ ला बिस्किटं आणि जुन्या साड्यांचा ढीग लागला होता, लोकांनी मायेनं पाठवलं, नावं ठेवत नाही, पण दुष्काळी पट्ट्यातनं एक टेम्पो कडबा आला तेव्हा आमच्या चुलत्यांच्या डोळ्यात पाणी आलेलं. ज्यांना वैरणीची किंमत माहिती त्यांनाच ते सुचलं. पूर ओसरल्यावर तर हाल जास्त, ऊस पोंग्यात गाळ बसून कुजलेला, हत्तीगवत चिखलानं भरलेलं, खायला घातलं की पोट बिघडतं. पंचनाम्यात घराची भिंत येते, मेलेलं जनावर येतं, जिवंत जनावराला पुढं महिनाभर काय घालायचं ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

म्हणून पाहुण्यांचाच आधार. आमच्याकडं नियम असा की म्हैस ज्याच्या गोठ्यात, दूध त्याच्या खात्यावर, पेंड आपली. दिवाळीला हिशोब होतो, भांडणं पण होतात. एकदा मामींनी वैरणीचे वेगळे पैसे मागितले तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नव्हती, लग्नात समोरासमोर येऊन पण नाही. पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्याला ३८ फूट झाल्याबरोबर तिनं स्वतः फोन लावला, "वहिनी, गोठा झाडून ठेवा, तीन येत्यात."