तुम्ही विचारलंत म्हणून : हॅलोवीनच्या संध्याकाळचा खाऊ

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा लागला की न्यू जर्सीत नव्याने आलेली मराठी कुटुंबे मला एक प्रश्न हमखास विचारतात. अलीकडे पुण्यामुंबईहूनही तोच प्रश्न येऊ लागला आहे, कारण तिथल्या काही शाळांत आणि सोसायट्यांतही मुले भुताखेतांचे पोशाख घालू लागली आहेत. हॅलोवीनला मुलांसाठी असे काय करावे, की जे सणाचे वाटेल, मुले आवडीने खातील आणि पोटालाही बरे असेल? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. हॅलोवीनचा, म्हणजे ३१ ऑक्टोबरचा, घरचा खाऊ चॉकलेट-गोळ्यांना पर्याय म्हणून करू नये. मुले पोशाख घालून, पिशव्या घेऊन दारोदार खाऊ मागायला बाहेर पडण्यापूर्वीचे जेवण म्हणून करावा. उपाशी पोटी दारोदार फिरणारे मूल पहिल्या दोन-तीन घरांनंतरच पिशवीत हात घालते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्ल्यानुसार दोन ते अठरा वर्षांच्या मुलांच्या पोटात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी जावी. या दिवशी वाटल्या जाणाऱ्या चॉकलेटच्या एका छोट्या वडीत साधारण ८ ते १० ग्रॅम साखर असते, म्हणजे तिसऱ्या वडीलाच ती मर्यादा गाठली जाते. जेवून निघालेले मूलही चॉकलेट खातेच आणि त्याने ते खावेच, पण ते भुकेपोटी खात नाही, आणि एवढ्या एका फरकाने सगळी संध्याकाळ बदलते. चॉकलेटच्या शेजारी गाजराच्या कांड्या मांडून मुलाने गाजर निवडावे अशी अपेक्षा ठेवणे मला मुलावर अन्याय केल्यासारखे वाटते. केकमध्ये पालक लपवून घालणेही मला पटत नाही. जे पदार्थ चांगले आहेत ते आपल्या नावाने आणि आपल्या रूपाने ताटात यावेत.

या सणाचे मूळचे खाणे पाहिले तर ते आपल्याला अनुकूलच आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून आलेल्या लोकांबरोबर हा सण अमेरिकेत रुजला. त्यांच्या गावी या रात्री सफरचंदे, हेझलनट आणि सुक्या फळांचा बार्मब्रॅक नावाचा पाव खात असत. घमेल्यातील पाण्यावर तरंगणारे सफरचंद हात न लावता दातांनी पकडण्याचा खेळही तिकडचाच आहे. तिकडे सलगमवर चेहरे कोरत असत. अमेरिकेत आल्यावर त्याच्या जागी भोपळा आला. गोळ्या-चॉकलेटांचे राज्य बरेच नंतरचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे रेशनिंग १९४७ साली उठल्यावर ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणजे दारोदार खाऊ मागण्याची ही रीत झपाट्याने पसरली. त्यानंतरही बरीच वर्षे लोक घरी केलेली बिस्किटे, फळे किंवा सुटी नाणी देत असत. १९७० च्या दशकात अनोळखी लोक खाऊत विष किंवा ब्लेड घालतात अशी भीती पसरली आणि घरचा खाऊ दारातून हद्दपार झाला. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अशा घटनांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. अनोळखी घरच्या विषारी खाऊमुळे मूल दगावल्याचे एकही सिद्ध झालेले प्रकरण त्यांना सापडले नाही. तरीही रीत बदलायची ती बदललीच. त्यामुळे आपल्या हातचा पदार्थ घरच्या आणि ओळखीच्या मुलांसाठीच करावा. दारात येणाऱ्यांना बंद पाकिटातलेच द्यावे.

आता वेळेचा विचार करू, कारण काय करायचे हे वेळच ठरवते. मुले शाळेतून येतात, पोशाखाची गडबड सुरू होते, आणि आमच्याकडे या तारखेला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. खाण्यासाठी जेमतेम वीस मिनिटे मिळतात. हवेत गारठा असतो, म्हणून निदान एक पदार्थ गरम हवा. पोशाखावर रस्सा सांडू नये म्हणून बाकीचे सगळे हातात धरून खाता येईल असे हवे. मुखवटे आणि हातमोजे खाण्याआधी काढून ठेवायचे, चेहरा रंगवायचा असेल तर तो खाऊन झाल्यावर रंगवायचा.

अशा संध्याकाळी मला सगळ्यांत उपयोगी वाटते ते भोपळ्याचे थालीपीठ. थालीपीठ थापताना आपण बोटाने भोके पाडतोच. तीच भोके डोळ्यांच्या जागी पाडली की चेहरा तयार होतो. दोन वाट्या भाजणीत एक वाटी किसलेला भोपळा, मीठ, हळद, थोडी जिरेपूड आणि चिरलेली कोथिंबीर घालावी. आधी पाणी अजिबात घालू नये. किसाला मीठ लागले की त्यालाच पाणी सुटते. दहा मिनिटांनी पीठ मळून पाहावे आणि लागलेच तर पाण्याचा हबका मारावा. मुलाच्या तळहाताएवढी थालीपिठे लोण्याच्या कागदावर थापावीत. डोळ्यांची भोके नेहमीपेक्षा मोठी पाडावीत, कारण तव्यावर पीठ फुगते आणि लहान भोक बुजते. तोंडासाठी चमच्याच्या कडेने चंद्रकोर कापून तेवढे पीठ उचलून घ्यावे. तवा मध्यम आचेवर ठेवून झाकण घालावे, आणि भोकांत थेंब थेंब तेल सोडावे म्हणजे डोळ्यांच्या कडा कुरकुरीत होतात. हे थापण्याचे काम मुलांकडेच द्यावे. एकाचे भूत हसरे, एकाचे रागीट, एकाचे एकच डोळा असलेले होते, आणि आपल्या हातचे भूत कोणतेही मूल टाकून देत नाही. भाजणीत धान्ये आणि डाळी दोन्ही असल्यामुळे पोटाला आधार राहतो, आणि पुढे दोन तास चालायचे असताना तो लागतोच.

भोपळा कोणता घ्यावा, हे मात्र नीट सांगायला हवे. अंगणात कोरून ठेवण्यासाठी विकतात ते मोठे भोपळे पाणचट आणि धागेदार असतात; त्यांत गोडवा बेताचाच असतो. स्वयंपाकासाठी ‘शुगर पंपकिन’ किंवा ‘पाय पंपकिन’ नावाने मिळणारा लहान, घट्ट गराचा भोपळा घ्यावा. बटरनट स्क्वॉशही उत्तम चालतो आणि आपल्या लाल भोपळ्याच्या चवीच्या अधिक जवळ जातो. कोरलेला भोपळा बाहेर ठेवल्यावर तो खाण्याच्या कामाचा राहत नाही. त्याच्या बिया मात्र कोरतानाच बाजूला काढून ठेवाव्यात. धागे धुऊन काढावेत, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळाव्यात, कापडावर पूर्ण कोरड्या कराव्यात आणि थोडे तेल चोळून ३५० अंश फॅरनहाइटला पंधरा ते वीस मिनिटे भाजाव्यात. उकळल्यामुळे मीठ आतपर्यंत जाते आणि साल चिवट राहत नाही.

गरम पदार्थ म्हणून भोपळा, गाजर, टोमॅटो आणि आले कुकरमध्ये शिजवून वाटलेले दाट सूप कानाच्या मगातून द्यावे. त्यावर कोळ्याचे जाळे काढण्याची रीत सोपी आहे : दही थोडे पाणी घालून सरसरीत करावे, चमच्याने सुपावर एकात एक तीन वर्तुळे सोडावीत आणि काडीच्या टोकाने मध्यापासून कडेपर्यंत रेघा ओढाव्यात. सूप पातळ असले तर दही बुडते आणि जाळे विरून जाते, म्हणून दाटपणाकडे लक्ष द्यावे. वेळ असेल तर पनीरच्या बोटभर लांब तुकड्यांभोवती कणकेच्या पट्ट्या आडव्यातिडव्या गुंडाळून, वरून तेलाचा हात लावून, ४०० अंश फॅरनहाइटला भट्टीत लालसर होईपर्यंत भाजाव्यात. पट्ट्यांच्या फटीत काळ्या ऑलिव्हचे दोन कण डोळे म्हणून बसवले की इजिप्तमधल्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या प्रेतासारखी ‘ममी’ होते. फळांत सोललेले लहान संत्रे आणि त्याच्या डोक्यात सेलरीच्या दांड्याचा तुकडा, एवढ्याने भोपळा होतो; यापेक्षा सुबक आणि कमी कष्टाचा पदार्थ मला माहीत नाही. अर्ध्या केळ्याला चॉकलेटचे दोन दाणे डोळे म्हणून लावून भुते करतात तीही छान दिसतात. केळे मात्र अगदी शेवटी कापावे आणि संत्र्याच्या रसातून काढावे, म्हणजे ते लवकर काळे पडत नाही.

रंगांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण सण दिसतो तो रंगांतून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये ‘रेड नंबर ३’ या कृत्रिम रंगाची खाद्यपदार्थांतील परवानगी रद्द केली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. घरी तर अशा रंगांची गरजच पडत नाही. लाल रंगासाठी आपले कोकम आहे. भारतीय दुकानात मिळणारे आगळ पाण्यात घालून, बेताची साखर आणि चिमूटभर जिरेपूड घातली की रक्तपिशाचाला शोभेल असे गडद पेय तयार होते, आणि कोकणातील घरांत वाढलेल्या आजी-आजोबांना ते नातवंडांइतकेच आवडते. हिरव्या रंगाची गंमत मुलांना मुद्दाम दाखवावी. सूर्यफुलाच्या बियांचे लोणी घालून खायच्या सोड्यावर मफिन केले, की बियांतील क्लोरोजेनिक आम्लाचा सोड्याशी संयोग होऊन भाजलेले मफिन थंड होताना आतून हिरवे होत जातात. ते खाण्यास पूर्ण निर्धोक असतात, आणि चेटकिणीच्या मेजवानीला याहून चांगला योगायोग मिळणार नाही. काळ्या रंगासाठी काही जण खाण्याचा कोळसा वापरतात. तो मुलांच्या खाण्यात कधीही घालू नये, कारण पोटातील औषधे तो शोषून घेतो. काळी द्राक्षे, काळे ऑलिव्ह आणि काळा राजमा एवढ्यावर काम भागते.

चार वर्षांखालील मुले घरात असतील तर दिसण्यापेक्षा घशाचा विचार आधी करावा. त्यांना पॉपकॉर्न, अख्खे दाणे, बदाम, सालासकट भाजलेल्या बिया आणि कडक गोळ्या देऊ नयेत. द्राक्षे उभी चार भागांत चिरून द्यावीत, कारण अख्खे द्राक्ष लहान मुलाची श्वासनलिका पूर्ण बंद करू शकते. पदार्थावर प्लॅस्टिकचे डोळे चिकटवू नयेत आणि काड्या टोचून ठेवू नयेत. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये.

ओळखीची मुले घरी येणार असतील तर त्यांच्या आई-वडिलांना आदल्या दिवशीच ॲलर्जीबद्दल विचारावे. अमेरिकेत नऊ मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ कायद्याने वेष्टनावर लिहावे लागतात : दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू, सोया आणि २०२३ पासून तीळ. यांतले शेवटचे नाव आपल्या घरांसाठी महत्त्वाचे आहे, कारण थालीपिठावर तीळ पेरायला आपला हात सहज जातो. भाजणीत बहुधा गहूही असतो. शाळेत पाठवायच्या खाऊबद्दल शिक्षिकेला विचारल्याशिवाय काहीच करू नये. इथल्या अनेक शाळा घरी केलेला पदार्थ वर्गात घेत नाहीत आणि वेष्टनावर घटक लिहिलेले विकतचेच मागतात. अख्खी, न सोललेली संत्री चालत असतील तर सालीवर भोपळ्याचे चेहरे काढून पाठवावीत. दारात येणाऱ्या मुलांसाठी ‘टील पंपकिन’ची पद्धत मला मनापासून आवडते. २०१४ पासून ती देशभर पसरली आहे. दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवला की या घरी खाऊखेरीज दुसरे काही, म्हणजे पेन्सिली, स्टिकर किंवा अंधारात चमकणाऱ्या बांगड्या मिळतील असे समजतात. ज्या मुलाला पिशवीतील अर्धा खाऊ खाता येत नाही, त्याला त्या दारात इतरांसारखेच उभे राहता येते.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच दिवाळी आली, तेव्हा फराळाचे काय करायचे असे अनेकींनी विचारले होते. असे वर्ष पुन्हा येईल तेव्हा गूळ आणि कणीक वापरून केलेल्या शंकरपाळ्यांची पोळी वटवाघळाच्या साच्याने कापावी आणि ते तळण्याऐवजी भाजावेत. बाकीचा फराळ दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावा, कारण एका संध्याकाळी दोन सणांचे गोड कोणत्याच पोटाला झेपत नाही.

राहिला प्रश्न भरून आणलेल्या पिशवीचा. साखरेने मुले चेकाळतात असे सर्रास म्हटले जाते, परंतु १९९५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. त्या रात्रीचा दंगा जागरणाचा आणि उत्साहाचा असतो. दातांची काळजी मात्र खरी आहे, विशेषतः चिकट गोळ्यांची. त्या रात्री मुलांना पिशवी जमिनीवर ओतू द्यावी, लहान मुलांच्या वाट्यातील कडक गोळ्या आणि फाटकी पाकिटे काढून टाकावीत, मोजदाद आणि अदलाबदल होऊ द्यावी आणि मन भरेल तेवढे खाऊ द्यावे. दुसऱ्या दिवसापासून जेवणाबरोबर एक किंवा दोन, मुलाने स्वतः निवडलेले, असा नेम ठेवावा. जेवताना तोंडात लाळ अधिक असते आणि नंतर पाणी पिऊन दात घासता येतात. फ्रीजमध्ये उरलेला पाय पंपकिन याच दिवशी किसावा आणि गूळ घालून त्याचे घारगे करावेत.