कॅसच्या डोंगरातली शे इंजिनं

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात ग्रीनब्रायर नदीकाठी कॅस नावाचं गाव आहे. १९०१ साली एका कागद कंपनीने लाकडासाठी वसवलेलं. पांढऱ्या रंगाची एकसारखी घरं अजून रांगेत उभी आहेत. लाकडाची गिरणी १९६० मध्ये बंद पडली, रूळ भंगारात निघणार होते. पण राज्य सरकारने रेल्वे विकत घेतली आणि १९६३ पासून ओंडक्यांच्या जागी प्रवासी डोंगर चढू लागले. डबेही तेच, ओंडके वाहायच्या वाघिणींवर छप्पर आणि बाकं टाकलेले.

मला ओढ होती ती गाडी ओढणाऱ्या वाफेच्या 'शे' इंजिनाची. मिशिगनच्या जंगलात लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्या एफ्राइम शेने हे आपल्या गरजेपोटी घडवलं आणि १८८१ मध्ये पेटंट घेतलं. गाडी सुटायच्या आधी मी त्याच्या उजव्या अंगाला बराच वेळ उभा होतो. तीन सिलिंडर उभे बसवलेले, त्यांचा भार तोलायला बॉयलर डावीकडे सरकवलेला. दट्टे खाली-वर होतात तसा चाकांच्या बाहेरून गेलेला लांब दांडा फिरतो आणि ग्रीसने काळ्याभोर झालेल्या दातेरी चाकांमधून प्रत्येक आसाला जोर देतो. कोळसा-पाणी वाहणाऱ्या टेंडरची चाकंसुद्धा फुकट बसत नाहीत! दांड्याला सांधे आहेत, त्यामुळे वेड्यावाकड्या रुळांवरही तो अडत नाही.

माथेरानच्या गाडीला वीस फुटांमागे एक फूट चढ आहे. इथे काही ठिकाणी नऊ फुटांमागे एक. म्हणून इंजिन खालच्या बाजूने डबे ढकलतं, जोडणी तुटली तरी डबे घरंगळू नयेत. धडधड ऐकून एक्सप्रेस सुटल्यासारखं वाटतं, आणि बाहेर पाहावं तर रुळांकडेची झुडपं सावकाश मागे सरकत असतात. वाटेत दोनदा गाडी थांबून उलट दिशेने वर निघते. बोरघाटात खंडाळ्याजवळ १९२९ पर्यंत होतं तसंच हे रिव्हर्सिंग.

वाटेतल्या व्हिटेकर थांब्यावर ओंडके तारदोराने ओढून आणणारं जुनं वाफेचं यंत्र ठेवलंय. गाडी पुढे ४,८४२ फूट उंचीच्या बाल्ड नॉब डोंगरावर जाते. एके काळी साफ तोडलेलं स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचं जंगल तिथे पुन्हा दाट झालंय, हे पाहून फार बरं वाटलं.

१९०५ सालचं पाच नंबरचं शे अजून कॅसलाच आहे, आणि १९४५ मध्ये बनलेलं जगातलं शेवटचं शेसुद्धा. गेलात तर इंजिनाला लागून असलेल्या डब्यात बसा. अंगावर कोळशाची कणी उडते, पण यंत्र हातभर अंतरावरून बघायला मिळतं.