एक रात्र जागलीस तर काय होतंय?

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, त्यामुळे सासरी लग्न झालं की जागरण-गोंधळ ठरलेलाच. रात्रभर वाघ्या-मुरळी, दिमडी, तुणतुणं. पहाटे लंगर, म्हणजे देवाची लोखंडी साखळी, तुटेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. मी मात्र दहा-साडेदहाला उठते आणि आत जाऊन झोपते. मग एखादी मामी नाहीतर चुलत जाऊ दारातून डोकावते. "अगं, एक रात्र जागलीस तर काय होतंय?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून आज सगळं लिहिते.

मला फिट येतात, म्हणजे अपस्मार (एपिलेप्सी) आहे. गोळ्या आणि झोप दोन्ही सांभाळल्यामुळे शेवटची येऊन सहा वर्षं झाली, तरी "यायच्या" असं म्हणायचा धीर मला अजून होत नाही.

सुरुवात दहावीच्या वर्षी झाली. पहाटे वाचलेलं डोक्यात राहतं म्हणून आई चारला उठवायची, आणि रात्री अकराच्या आत मी आडवी होत नसे. उठल्यावर चहाचा कप हातात घेतला की हात एकदम उडायचा. चहा भिंतीवर, कपाचे तुकडे खाली. दिवाळीपर्यंत सहातले चार कप गेले. घरात सगळे धांदरट म्हणायचे, मलाही तसंच वाटायचं. दुपारी मात्र त्याच हाताने मी भूमितीच्या आकृत्या रेघ न हलता काढत असे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात एका सकाळी मोरीपाशीच पडले. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली, अंग कुणी झोडपल्यासारखं, आणि नाकाला चपलेचा वास.

(चप्पल, कांदा, हातात किल्ली, तोंडात चमचा यातलं काहीही करू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना.)

पहिल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी झटके उलट वाढले. फिटची काही औषधं या प्रकाराला चालत नाहीत, हे पुढे कळलं. मग पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का?" आईला तिथेच रडू कोसळलं. या प्रकाराचं नाव जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. जर्मनीतल्या डीटर यान्त्स यांनी १९५७ मध्ये तो नीट मांडला. वयात येताना सुरू होतो, झटके जागं झाल्यावरच्या तासाभरात येतात, आणि सगळ्यात जास्त बिघडतो तो अपुऱ्या झोपेने. आई मला माझ्या भल्यासाठीच उठवत होती. ते तिच्या मनातून अजून गेलेलं नाही, म्हणून तिच्यासमोर मी हा विषय काढत नाही.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढायचा तर चिठ्ठीवर लिहिलेलं, "केस धुवून, तेल न लावता या. आदल्या रात्री जागरण." ज्याने फिट येते तेच करायला सांगत होते, कारण अर्धवट झोपलेल्या मेंदूत दोष लवकर सापडतो. बाबांनी मला जागं ठेवायला पत्ते काढले. बदाम सात, मग पाच-तीन-दोन, त्यात आईलाही ओढलं. तीनच्या सुमाराला बाबाच पत्ते हातात धरून पेंगले आणि मी त्यांना हलवून उठवलं. सकाळी डोक्याला टेप लावून मापं घेतली, चिकट मलमाने वायरी चिकटवल्या, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला आणि म्हणाले, "आता झोप." झोपेच्या उंबरठ्यावरच कागदावर काट्यांसारख्या टोकदार रेषा उमटल्या.

पुढे डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. नुसत्या, स्वप्नं नसलेल्या झोपेत मेंदूतल्या पेशी लेझीमच्या पथकासारख्या एका तालात येतात. फिट म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेशींनी एकदम ताल धरणं, म्हणून या झोपेत तिला वाट सोपी होते. स्वप्नांच्या झोपेत ज्याचा त्याचा ताल वेगळा, तिथे ती सहसा दबते. आणि झोप बुडाली की मेंदू दुसऱ्या दिवशी जास्तच चाळवलेला राहतो. सगळ्यांच्या फिटना जागरण इतकं लागत नाही. माझ्या प्रकाराला फार लागतं.

तर झोपत जा, एवढंच ना? मलाही तसंच वाटायचं.

निदान झाल्यावर कित्येक महिने आई माझ्या दंडावर हात ठेवून झोपायची. डोळा लागताना सगळ्यांनाच बसतो तसा साधा झटका मला बसला तरी ती उठून दिवा लावायची. लग्नानंतर मूल हवं होतं. मी घेत असलेलं फिटचं औषध, सोडियम व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं म्हणून डॉक्टरांनी आधीच ते बदलून लेव्हेटिरॅसिटॅम सुरू केलं. त्याने फिट आवरल्या, पण चिडचिड वाढली आणि झोप मोडली. दीडला जाग यायची, घड्याळ बघायची, आणि मनात हिशेब सुरू व्हायचा: आता लागली तरी साडेचारच तास, म्हणजे उद्या सकाळी... या हिशेबानेच उरलेली झोप जायची. झोप नाही म्हणून फिटची भीती, आणि भीतीने झोप नाही. मी पतसंस्थेत काम करते, दिवसभर आकड्यांचा ताळा जमवते. रात्रीचा हा ताळा मात्र जमायचा नाही.

तेव्हा औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी मागून आणायच्या बेतात होते. बरं झालं आणली नाही. अशा काही गोळ्या अचानक थांबवल्या तरी फिट येते, आणि सर्दीच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या औषधांमुळेही येऊ शकते. आमच्या डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस थोडा अलीकडे घेतला, खोलीतलं घड्याळ काढायला लावलं, आणि रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवायला सांगितली, रविवारीसुद्धा. एक वही घातली: झोपले कधी, उठले कधी, झटके किती. दोनेक महिन्यांत रात्री सुधारल्या.

ओपीडीच्या बाकावर बसून कळलं की प्रत्येकाची झोप वेगळी बिघडते. एक काका दिवसभर पेंगायचे. सगळे म्हणायचे, फिटच्या गोळ्यांची गुंगी. निघाला स्लीप ॲप्निया, म्हणजे घोरताना श्वासच अडकायचा. रात्री मास्कचं मशीन लावायला लागल्यावर त्यांच्या फिटही कमी झाल्या. एक मुलगा झोपेतून ओरडत उठायचा, पाय झाडायचा, त्याला बाहेरचं झालंय म्हणून गावोगाव फिरवलं होतं. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो बघूनच डॉक्टरांना कपाळामागच्या भागातून रात्री येणाऱ्या फिटची शंका आली. तुमच्या घरात कुणाला झोपेत असं वारंवार होत असेल तर आधी व्हिडिओ काढा.

आणि एक गोष्ट, लिहू की नको असं करत होते. रात्री झोपेत मोठी फिट येऊन माणूस दगावू शकतो. अपस्मार असलेल्या प्रौढांत हे वर्षाला साधारण हजारात एकाला होतं, बऱ्याचदा एकटं झोपलेलं असताना, पालथं. घाबरवायला सांगत नाही. मोठ्या फिट आटोक्यात असल्या की हा धोका बराच कमी होतो, म्हणून तर मी एक डोस चुकवत नाही. आणि म्हणूनच तुमच्या घरी आले की खोलीला आतून कडी लावत नाही. कुणी दार ढकललं तर कानकोंडं होऊ नका, ते मुद्दाम उघडं असतं.

माझ्या सासरी हे सगळं लग्नाआधी सांगितलेलं होतं, म्हणून मला उठून जाता येतं. ज्या मुलींनी लपवलंय त्या नव्या नवरीच्या शालूत जागरणाला पहाटेपर्यंत बसतात, आणि गोळी कुणी बघू नये म्हणून डोसही चुकवतात. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्मार लिहिलेला होता आणि त्यावरून लग्न रद्द ठरवता येत असे. लोक लपवायला तेव्हाच शिकले. त्या मुलींना कुणी "एक रात्र जागलीस तर काय होतंय" विचारू नका, एवढी माझी विनंती आहे. त्यांना उत्तर देता येत नाही.

माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणी पहाटे उठून क्लासला जातात, मी तिला सहाच्या आत उठवत नाही. आमच्या आजारात थोडा अनुवंशाचा भाग असतो, पण बहुतेक मुलांना काही होत नाही, हे मला पाठ आहे. परवा नाश्त्याला तिच्या हातून चमचा पडला. मी काही बोलले नाही, तिने तो उचलला आणि ती शाळेत गेली. वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि वेळ लिहून ठेवली: सकाळी सहा चाळीस, एकदाच.